चावून प्यायची घुसळ

आमच्या मोठ्या बाई कुणालाही भेटल्या की 'जय भीम' म्हणायच्या आणि लगेच विचारायच्या, "आज फळ कोणतं खाल्लं?" समोर सरपंच असो, एस.टी.चा कंडक्टर असो, नाहीतर दारात आलेली बोहारीण-भांडीवाली असो, प्रश्न चुकायचा नाही. माणूस गडबडून जायचा. बहात्तरच्या दुष्काळाला दोन-चार वर्षंच झालेली, दोन वेळची भाकर कुठं सुखानं पोटात जायला लागली होती, तिथं फळ कोण खातंय? पण बाई हटायच्या नाहीत. "बोर खाल्लं का? चिंच चोखली का? मग सांग की तसं! फळ म्हंजे काय सफरचंदच असतंय व्हय?"

गाव आमचं भूम तालुक्यातलं, ईटच्या बाजूचं. शाळा जिल्हा परिषदेची, पत्र्याची. त्या शाळेत बाई हेडमास्तर, आणि मी नवीनच लागलेली मास्तरीण. त्यामुळं गाव त्यांना 'मोठ्या बाई' म्हणायचं आणि मला 'धाकट्या बाई'. एकट्या पोरीला गावात खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. ज्याला त्याला विचारलं, प्रत्येकाकडं एकदम पाहुणे यायचे होते. शेवटी बाईच म्हणाल्या, "माझ्याकडं ऱ्हा. भाडं नको. सकाळी एक गिलास घुसळ प्यायची, एवढीच अट." मी हो म्हटलं. घुसळ म्हणजे काय हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं, नाहीतर थोडी घासाघीस केली असती.

माझी तामलवाडीची काकू एकदा भेटायला आली, आल्या आल्या खालच्या आवाजात विचारलं, "कुणाकडं ऱ्हातीस गं?" मी सांगितलं, मोठ्या बाईंकडं, बौद्ध आहेत, आणि माझ्या आईपेक्षा माझी जास्त काळजी घेतात. काकूनं पुढचा प्रश्न गिळला. तेवढ्यात बाई गिलास घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पावणी, आज फळ कोणतं खाल्लं?"

आता घुसळ सांगते. आज शहरात पोरंपोरी मिक्सरमध्ये फळं टाकतात, दूध ओततात, बटण दाबतात आणि त्याला इंग्रजी नाव देऊन मिरवतात. मला हसू येतं. आमच्या बाई ते गावात बिनविजेचं करायच्या. पिकलेली पपई हातानं कुस्करायची. बाजारातून आणलेलं एखादं केळं. रात्री भिजवलेले शेंगदाणे पाट्यावर वाटून. ज्वारीच्या लाह्यांचं पीठ मूठभर. गूळ नावाला, मीठ चिमटीभर. वर तापवून गार केलेलं दूध. सीताफळाच्या दिवसांत सीताफळ आणि ताक, पपईला सुट्टी. उन्हाळ्यात कलिंगड मिळालं तर दुधाचं नाव काढायचं नाही, नुसतं कलिंगड आणि पुदिना. हे सगळं डेगीत घालायचं आणि रवीनं घुसळायचं. "सरबत न्हाय, लस्सी न्हाय, शिकरण तर न्हायच न्हाय," बाई बजावायच्या. "शिकरण आळशी माणसाचं काम. ही घुसळ हाय."

आणि ती प्यायची नाही, चावायची. हो, चावायची! प्रत्येक घोट तोंडात घोळवून, दाताखाली घेऊन मग गिळायचा. मी पहिल्या दिवशी घटाघटा संपवली तर बाईंनी दुसरा गिलास पुढं केला. "रानात लोंढा आला तर पाणी मुरतंय का? वाहून जातंय. तसंच हाय पोटाचं. चाव!" मी चावली. पातळ पदार्थ चावताना माणूस किती येडं दिसतं ते मला तेव्हा कळलं. आणि गाळायची तर सोयच नाही. एकदा मी फडकं घेऊन गाळायला बसले, तर त्यांनी फडकं ओढून घेतलं आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

घुसळायची त्यांची रीत वेगळीच होती. ताकाची रवी एकच बाई घुसळते, दोरीची दोन्ही टोकं तिच्याच दोन हातांत असतात. आमच्या बाईंनी लांब दोरी लावली होती आणि एकेक टोक वेगळ्या पोरीच्या हातात द्यायच्या. शाळेत ज्या दोघी भांडलेल्या असतील त्यांना बोलवायचं, समोरासमोर उभं करायचं. एकीनं ओढलं की दुसरीनं सोडायचं. दोघींनी एकदम ओढलं की रवी जागची हलत नसे आणि बाई म्हणायच्या, "ओढा, अजून ओढा. संध्याकाळपस्तोर ओढा. मला काय घाई न्हाय." थोड्या वेळानं पोरींना हसू फुटायचं. घुसळ तयार व्हायची तेव्हा भांडण कशावरून होतं हेही त्या विसरलेल्या असायच्या. गावातल्या पोरी आणि बौद्ध वस्तीवरच्या पोरी मुद्दाम एका दोरीला लावायच्या त्या. कुणी काही बोललं तर म्हणायच्या, "रवीला काय कळतंय?"

बाईंची एक म्हैस होती. हेडमास्तर बाईनं म्हैस पाळायची म्हणजे गावाला गंमतच. पण बाई रोज पहाटे स्वतः धार काढायच्या, नऊवारीचा काचा मारून, आणि किटली घेऊन डेअरीवर जायच्या. दूध सोसायटी नुकतीच निघाली होती, बाई तिच्या सभासद होत्या. डेअरीवर आपलं दूध कॅनमध्ये ओतलं जाताना त्या वाकून बघायच्या. परत येताना मला म्हणायच्या, "बघितलंस का धाकटे? माझ्या म्हशीचं दूध आन् पाटलाच्या म्हशीचं दूध एका कॅनात. तिथं फॅट बघत्यात, जात न्हाय. म्हशीला जमलं ते माणसाला कधी जमायचं?" आणि हसायच्या. हसताना त्यांचा आवाज लई मोठा व्हायचा, दोन गल्ल्या पलीकडं ऐकू जायचा.

दुसरं वेड म्हणजे डोळ्याची खालची पापणी. कुणी समोर आलं की त्यांचा अंगठा नकळत वर जायचा, पापणी खाली ओढायच्या आणि आतला रंग बघायच्या. पांढरट दिसला की "रक्त न्हाय अंगात" असा निकाल. पोरांचं ठीक होतं. पण मला बघायला पाहुणे आले तेव्हा काय केलं बाईंनी! मुलगा बार्शीकडचा, सरकारी नोकरीतला, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसलेला. माझे वडील हात जोडून उभे. मी पोहे घेऊन आले. आणि बाईंनी पुढं होऊन नवऱ्या मुलाची पापणी ओढली. "रक्त कमी हाय पोराच्या अंगात," सगळ्यांसमोर जाहीर केलं. "पोरगी नापास न्हाय, पोरगं नापास हाय. पुढल्या उन्हाळ्यात या, तवर रोज पपई खा." वडिलांचा चेहरा काळाठिक्कर पडला. मुलाचे मामा ताडकन उठले. मला वाटलं, संपलं, आता जन्मभर ह्याच गावात घुसळ चावत बसायचं. पण तो मुलगा पुढल्या उन्हाळ्यात खरंच आला. आल्या आल्या स्वतःच पापणी ओढून बाईंपुढं वाकला. त्याच्याशीच माझं लग्न झालं. तो अजूनही सगळं चावून पितो, चहासुद्धा. कुणापुढं तक्रार करू?

तर अशा आमच्या बाई. पण हे सगळं वेड एका गोष्टीसाठी होतं, आणि ती गोष्ट गमतीची नव्हती.

आमच्या शाळेतली पोरं प्रार्थनेला उभी राहिली की पडायची. खरंच पडायची. 'जन गण मन' पुरं होईपर्यंत एखादं तरी खाली बसलेलं असायचं. दुष्काळात सरकारनं वाटलेल्या सुकडीवर वाढलेली पोरं ती. त्यांच्या पापण्या ओढल्या की आत नुसता पांढरा रंग. गावात दूध होतं, नाही असं नाही. पण सगळं दूध डेअरीच्या कॅनमध्ये जायचं आणि कॅन ट्रकमध्ये. पोरांच्या वाट्याला किटली धुतलेलं पाणी. बाई म्हणायच्या, "गावाचं दूध गावाबाहेर चाललंय आन् गावाची पोरं जमिनीवर पडायलीत." त्यांना एकच हवं होतं. रोज सकाळी डेअरीनं एक कॅन शाळेला द्यावा. बाकीचं त्या बघणार होत्या. फळ त्यांनी उभं केलंच होतं. पोरं जिथं हात धुवायची, पाट्या पुसायची, तिथलं पाणी चर काढून वळवलं होतं आणि चराच्या कडेनं पपईची झाडं लावली होती. बाकीच्या रानात कुसळं उगवायची तेव्हा शाळेच्या मागं पपया लगडलेल्या असायच्या. फक्त दूध नव्हतं. बाईंची एक म्हैस एवढ्या पोरांना कुठं पुरणार?

पहिला प्रयत्न केला तो शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांपुढं. साहेबांनी शिफारस केली तर डेअरी ऐकेल, असा हिशेब. बाईंनी सकाळी सकाळी पपईची घुसळ केली, वर मलमलचं फडकं टाकलं, फडक्यावर जास्वंद ठेवली. आता साहेब म्हटलं की त्यांच्या आधी कुणी तोंड लावायचं नाही, हे आपल्याकडं काय सांगावं लागतं? पोरं रांगेत बसून डेगीकडं बघत राहिली. साहेब सकाळचे येणार होते, ते दुपार कलल्यावर आले. पहिला गिलास मानानं त्यांना दिला. त्यांनी घोट घेतला आणि तोंड असं केलं की मला आजही आठवतं. "हे काय, औषध आहे का?" म्हणाले. कडूजहर झाली होती घुसळ. पपई दुधात फार वेळ राहिली की दूध कडू करते, हे आम्हाला कुठं माहीत? साहेब गेले, शिफारस गेली, डेगभर घुसळ म्हशीला घातली. तिनंही मान फिरवली.

दुसरी कुणी असती तर रडत बसली असती. बाई दुसऱ्या दिवशी परत घुसळ करून अंगणात बसल्या आणि थोड्या थोड्या वेळानं एकेक घोट चाखत राहिल्या. कडू लागायला लागली तशा ओरडल्या, "सापडलं! पपईचं काय चुकलं न्हाय धाकटे. चुकलं आपलं. आपण वाट बघितली!" त्या दिवसापासून त्यांचा नियमच झाला. पपईची घुसळ झाली की लगेच प्यायची. कुणाचीही वाट बघायची नाही.

मग त्या डेअरीच्या चेअरमनकडं गेल्या. चेअरमन माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. सभासदांना भ्यायचा, आणि सगळ्यांत जास्त आपल्या आईला भ्यायचा. त्या म्हातारीला सगळं गाव 'थोरल्या आई' म्हणायचं. करारी बाई. दुष्काळात घरातली दावण मोकळी झाली, एकेक जनावर गेलं, पण म्हातारी वाकली नाही. शिवताशिवतही तशीच, एक तसूभर इकडंतिकडं नाही. आम्ही दोघी पटनोंदणीला त्यांच्या वाड्यावर गेलो की मला घरात बोलवायची आणि बाईंना ओसरीखाली उभं ठेवायची. पाणी मागितलं तर वरून ओंजळीत धार सोडायची. बाई एकदाच त्या ओंजळीकडं बघून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, तहान गेली." आणि उन्हात तशाच पुढच्या घरी गेल्या. मला इतका राग आला होता की मी आतला चहा तसाच ठेवून बाहेर आले.

चेअरमननं बाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि टोपी सारखी करत म्हणाला, "बाई, माझी ना न्हाय. पण सभासद इचारतील, पोरं पितील का? घरचे पिऊ देतील का? असं करा, वार्षिक सभेला सगळ्यांसमोर करा तुमची ती घुसळ. सभेनं पिली, तर दुसऱ्या दिवसापास्नं कॅन शाळेचा. न्हाय पिली, तर परत हा इषय काढायचा न्हाय." बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाई, ह्यानं सरळ नाही म्हणायचं टाळलंय. ह्याला ठाऊक आहे, तुमच्या हातचं कुणी पिणार नाही." बाई म्हणाल्या, "मलाबी ठाऊक हाय की." त्या रात्री त्यांनी कुणाला फळाचं विचारलं नाही, तेव्हाच मी समजले की बाई घाबरल्यात.

सभा डेअरीच्या शेडपुढं, लिंबाखाली. सतरंज्या टाकलेल्या. पाहुणे म्हणून तालुक्याच्या दूध संघाचे कुणी साहेब यायचे होते. 'निघालेत, निघालेत' असा निरोप सारखा येत होता. पुरुष पुढं, बायका मागं, थोरल्या आई खांबाला टेकून पाटावर. शाळेची पोरं एका बाजूला रांगेत, हातात जर्मनचे गिलास. बाईंनी मधोमध डेग मांडली. दोरीच्या एका टोकाला चेअरमनची पोरगी उभी केली, दुसऱ्याला वस्तीवरची एक पोरगी. थोरल्या आईंनी नात बघितली आणि पदर सारखा केला. बाई पपई कुस्करत होत्या. मी म्हटलं, "बाई, साहेब यायचेत अजून. आत्ताच दूध ओतलं तर..." बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि अख्खं दूध डेगीत ओतलं.

पोरींनी रवी घुसळली. फेस वर आला, वास सुटला. सगळी सभा नाक वर करून बसली होती. बाईंनी रवी काढली, हात पुसले आणि मोठ्यानं सांगितलं, "घुसळ तयार हाय. पपईची हाय, आत्ता प्यायची. वाट बघितली तर कडू होणार."

कुणी हललं नाही.

पुढच्या रांगेतला एक सभासद म्हणाला, "असं कसं बाई? साहेबांच्या आधी प्यायचं व्हय? रीत हाय का ती?" दुसरा म्हणाला, "आन् दुधात फळ म्हंजे अंगावर डाग उठत्यात म्हणे." तिसऱ्यानं आज उपास असल्याचं सांगितलं. मागून एकजण म्हणाला, माझं पोट बरं नाही. चेअरमन रस्त्याकडं बघत होता, जीप दिसते का म्हणून. पोरं गिलास धरून उभी, पण त्यांचे बाप डोळे वटारून बसलेले, त्यामुळं तीही जागची हलेनात. डेगीतला फेस खाली बसायला लागला होता.

बाई सगळ्यांचं शांतपणं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मनातलं बोला की. उपास, डाग, साहेब, कशाला एवढी कारणं? माझ्या हातचं प्यायचं न्हाय, असं सरळ म्हणा. त्यात लाजायचं काय? एवढी वर्षं लाजला न्हाईत."

बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. "माझ्या म्हशीचं दूध तुमच्या कॅनात चालतंय. त्या कॅनाचा बोनस तुम्हाला चालतोय. मग हे का न्हाय चालत? बरं, ऱ्हाऊ द्या. कुणावर जबरदस्ती न्हाय. पण कडू झालेलं म्या पोरांना देणार न्हाय आन् म्हैस पीत न्हाय. मग ठेवून तरी काय करायचं?"

आणि त्यांनी डेगीचे कान धरले आणि डेग कलती केली. मला वाटलं भीती घालतायत. नाही! दुधाची जाड पिवळट धार डेगीच्या काठावरून खाली आली आणि लिंबाखालच्या मातीत पडली. माती ते दूध बघता बघता पीत होती.

"अगं ए! अगं थांब!"

अशी किंकाळी मी आयुष्यात ऐकली नाही. थोरल्या आई पाटावरून उठल्या होत्या. गुडघ्याच्या दुखण्यानं ज्यांना दोघींनी धरून उठवावं लागायचं, त्या म्हातारीनं चार माणसं ओलांडली, कुणाच्या टोपीवर हात टेकला, कुणाच्या पायावर पाय दिला, आणि थेट डेगीपाशी आल्या. "दूध सांडायलीस व्हय? मातीत दूध? भवाने, दुष्काळ इसरलीस का? माझ्या दावणीच्या गाया पाण्यावाचून गेल्या, थेंब दुधाला घरातली लेकरं रडली, आन् तू दूध मातीत ओतायलीस? उभी कर! उभी कर ती डेग!"

बाईंनी डेग सरळ केली. त्यांचे डोळे भरून आले होते, पण हनुवटी वरच. "मग प्यायचं कुणी, थोरल्या आई?" त्यांनी विचारलं.

म्हातारीनं एकदा बाईंकडं बघितलं, एकदा मातीतल्या ओल्या डागाकडं. मग रांगेतल्या पहिल्या पोराच्या हातातला गिलास ओढून घेतला, डेगीत बुडवला आणि तोंडाला लावला. सगळी सभा बघत होती. चेअरमनची टोपी हातात आली होती. म्हातारीनं घोट घेतला, आणि काय सांगू तुम्हाला, ती चावायला लागली! तिला कुणी सांगितलं नव्हतं. शेंगदाण्याचा कण दाताखाली आला असेल. निवांत चावून, गिळून, ओठ पुसून ती म्हणाली, "गूळ कमी पडलाय." मग मागं वळून गरजली, "आता बघत काय बसलाव? दूध खराब व्हायलंय! या सगळे!"

मग काय झालं ते विचारू नका. गर्दी उसळली. ज्याचं पोट बरं नव्हतं तो सगळ्यांत पुढं. उपासवाल्यानं म्हटलं, फळं न् दूध म्हणजे उपासालाच चालतंय की. पोरांनी गिलास भरभरून घेतले. वस्तीवरची माणसं पुढं आली, गावातली आली, गिलास कमी पडले म्हणून एकाचं झालं की विसळायला वेळ न घालवता दुसऱ्यानं घेतलं. कुणाचा कुणाला, कुणी बघितलं नाही. आणि बाई? त्या पळी घेऊन उभ्या आणि ओरडत होत्या, "बसून प्या! उभ्यानं न्हाय! चावा, चावा, घटाघटा गिळू नका! अहो चेअरमन, तुम्हालाच सांगायले, चावा!" अख्खी सर्वसाधारण सभा मांडी घालून दूध चावत बसली होती. मी हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. असा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नाही, हे नवऱ्यासमोर सांगते.

जीप आली तेव्हा डेगीत खरवडायलाही काही उरलं नव्हतं. साहेब उतरले, सगळ्यांच्या मिशांवर पिवळा फेस बघून चकित झाले. म्हणाले, "अरे, आमच्यासाठी काही ठेवलं नाही वाटतं?" चेअरमननं तोंड उघडायच्या आत थोरल्या आईच बोलल्या, "वाट बघितली असती तर नासलं असतं, सायेब. उद्या शाळेत या. उद्यापास्नं डेअरीचा कॅन शाळेत जाणार हाय." चेअरमननं आईकडं बघितलं आणि मान डोलावली. ठराव नंतर घातला, एकमतानं पास झाला, पण त्याची काही गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन शाळेच्या दारात होता, आणि पुढं मी त्या गावात होते तोवर रोज होता. पोरं प्रार्थनेला पडायची बंद झाली. एवढंच सांगायचं असतं तर हे व्यक्तिचित्र इथं संपलं असतं.

पण सभा उठली आणि आम्ही डेग उचलत होतो तेव्हा थोरल्या आई परत आल्या. "पोरी," बाईंना म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोरी. "समद्यांला वाढलंस. तू पिलीस का?"

बाईंनी मान हलवली. "न्हाय, उरलीच न्हाय."

म्हातारीनं बाईंचं मनगट धरलं. "चल घरी. चहा टाकते."

आणि घेऊन गेली. ओसरीखाली नाही, वाड्याच्या पुढच्या दारानं, उंबरा ओलांडून आत. मी बाहेर डेगीवर बसून राहिले. मला आत बोलवलं होतं, पण मी मुद्दाम गेले नाही. तो चहा बाईंचा एकटीचा होता. आतून म्हातारीचा आवाज येत होता, चुलीत काटक्या मोडल्याचा आवाज येत होता, मग कपबशीचा.

बऱ्याच वेळानं बाई बाहेर आल्या. चेहरा लालबुंद झालेला, डोळे पुसलेले. मी घाईनं उठून विचारलं, "बाई, कसा होता हो चहा?"

बाईंनी डेगीचा एक कान धरला, दुसरा मला धरायला लावला आणि चालायला लागल्या. वाड्यापासून पुरेसं लांब आल्यावर म्हणाल्या, "काय सांगू धाकटे, साखर लई घालती म्हातारी. नुसता पाक. हे असलं पिऊनच गुडघे धरलेत तिचे. उद्या परत जाते आन् तिच्या चुलीपुढं बसून सांगते."